हिशोब चांगला येतो म्हणून तेच माझं कृपादान का?

पत्र

प्रेज द लॉर्ड ताई,

मी नोकरीत अकाउंट्स बघते आणि चर्चमध्येही तेच बघते. चार वर्षांपूर्वी आमच्या खजिनदारांनी तब्येतीमुळे काम सोडलं, पास्टर म्हणाले तू आहेसच की, तेव्हापासून अर्पण मोजणं, बँक, व्हाउचर, वर्षाचं ऑडिट सगळं माझ्या एकटीकडे. मध्यंतरी चर्चमध्ये सगळ्यांकडून कृपादानांचा, म्हणजे देवाच्या आत्म्याने सेवेसाठी कोणाला काय देणगी दिलीय त्याचा, फॉर्म भरून घेतला, ढीगभर वाक्यं होती आणि प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क द्यायचे होते. त्यात माझं व्यवस्थापन पहिलं आलं आणि दया पार खाली. पास्टरांनी सगळ्यांचे निकाल उपासनेनंतर वाचून दाखवले, म्हणाले बघा, देवाने प्रत्येकाला त्याच्या जागेवर ठेवलंय.

पण खरं सांगू का ताई, हिशोबात आता जीव नाही राहिला. आमच्या चर्चमधल्या एका आजींना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ऑफिसवरून येताना मी त्यांच्याकडे जाते, कोणी सांगितलं नव्हतं, अशीच जायला लागले. त्या बोलत नाहीत म्हणून लोक येतात, पाच मिनिटं प्रार्थना करतात आणि निघतात. मी बसते. स्तोत्र वाचते, परवा त्यांची नखं कापून दिली. त्यांची सून म्हणाली तुमची यायची वेळ झाली की त्या दाराकडे बघत बसतात. आता अजून दोन घरांतून विचारलंय. मी पास्टरांना म्हटलं मला हे करू द्या, हिशोबाला दुसरं कोणी बघा, तर म्हणाले तुझं दान व्यवस्थापनाचं आहे, ते सोडणं म्हणजे धन्याने दिलेला पैसा जमिनीत पुरणं. त्या रात्री झोप लागली नाही.

माझी जाऊ वर्शिप टीममध्ये गाते. सगळे म्हणतात काय दान दिलंय देवाने. माझ्याबद्दल म्हणतात हिशोब चोख असतो हं. मला वाईट वाटतं आणि वाईट वाटतं याचंही वाईट वाटतं. त्यात एक मैत्रीण, ती दुसऱ्या चर्चला जाते, ती म्हणते अन्य भाषा, म्हणजे प्रार्थनेत आत्म्याने येणारी न शिकलेली भाषा, आली नाही तर तुला आत्म्याचं दानच मिळालेलं नाही. ताई माझं दान नक्की कोणतं? आणि हिशोब सोडायचा की नाही? मला तू म्हटलंत तरी चालेल.

— खजिनदार, पण मनाने नाही

उत्तर

तू म्हण म्हणालीस म्हणून तूच म्हणते. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण ते सोपं आहे. हो, हिशोब सोडता येतो. उद्याच्या उद्या नाही, किल्ल्या टेबलावर आपटून तर नाहीच, पण सोडता येतो आणि त्याने तू काही जमिनीत बिमिनीत पुरत नाहीयेस. मत्तय 25 मधला तो चाकर पुन्हा वाच. त्याने काय केलं, तर धन्याला घाबरून काहीच केलं नाही, खड्डा खणला आणि गप्प बसला. तू चार वर्षं हिशोब ठेवलास आणि वर कोणी न सांगता एका आजारी बाईच्या उशाशी बसायला लागलीस. तो दृष्टांत तुला लावायचा असेल तर धन्याचा पैसा कामाला लावून वाढवणाऱ्या पहिल्या दोन चाकरांच्या बाजूने लावायला हवा. पास्टर घाईत बोलून गेले असतील, त्यांच्यावर मी नंतर येते, पण झोप उडवून घ्यावी असं त्यात काही नाही.

आता त्या फॉर्मबद्दल. मला हे फॉर्म फारसे पटत नाहीत, स्पष्टच सांगते. 1970च्या दशकापासून चर्चेसमध्ये अशा प्रश्नावल्या यायला लागल्या आणि त्यांचा थोडा उपयोग आहे, नाही असं नाही, जो माणूस बिचारा समजतो की आपल्याकडे काहीच नाही त्याला निदान विचार करायला एक निमित्त मिळतं. पण त्या मोजतात काय? तू आजवर काय करत आलीस आणि स्वतःबद्दल काय समजतेस एवढंच. 'मला कागदपत्रं व्यवस्थित ठेवता येतात' असं वाक्य आलं की तू तीन मार्क देणारच, तुझा पगार त्याच्यावर चालतो. आणि 'दुःखी माणसांना माझ्यामुळे धीर येतो' असं वाक्य आलं की तुझ्यासारखी बाई एक मार्क देते, कारण स्वतःबद्दल असं लिहायची लाज वाटते. झालं, दया पार खाली गेली. आणि ते निकाल सगळ्यांसमोर वाचून दाखवणं तर मला अजिबात आवडलं नाही. एकदा का चारचौघांत 'ही व्यवस्थापनवाली' म्हणून शिक्का बसला की मग माणूस स्वतःही तसंच बोलायला लागतं.

नव्या करारात कृपादानांच्या याद्या चार ठिकाणी येतात आणि कुठलीच यादी दुसरीशी जुळत नाही. रोमकरांस 12 मध्ये सात गोष्टी, पहिल्या करिंथकरांत 12व्या अध्यायाच्या सुरुवातीला नऊ आणि त्याच अध्यायाच्या शेवटी पुन्हा वेगळी यादी, इफिसकरांस 4 मध्ये कामांपेक्षा माणसंच मोजलीत, प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक. आणि पेत्राने तर पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात दोनच ढीग केलेत, कोणी बोलत असेल तर असं बोलावं आणि कोणी सेवा करत असेल तर अशी करावी, संपलं. ज्यांना पक्का तक्ता हवा असतो त्यांची इथे पंचाईत होते. मला त्यातून एवढंच कळतं की ही पत्रं लिहिणारे प्रेषित, पौल किंवा पेत्र, कुणीच संपूर्ण यादी द्यायला बसले नव्हते, समोरच्या मंडळीत जे दिसत होतं, जे गरजेचं होतं ते लिहीत गेले. गंमत म्हणजे तुझ्या जावेचं गाणं या चारपैकी एकाही यादीत नाही! म्हणजे ते दान नाही असं नाही हं, करिंथच्या पत्रात 14व्या अध्यायात तुम्ही जमता तेव्हा कोणाजवळ स्तोत्र असतं असं पौल म्हणतोच. आणि व्यवस्था पाहणं, ज्याचं तुला आता नाव नको झालंय, ते मात्र यादीत आहे, आरोग्य देणं आणि अन्य भाषा यांच्याच ओळीत. तेव्हा 'हिशोब चोख असतो' हे कोणी कितीही कोरडेपणाने म्हटलं तरी ते काम हलकं नाही, हे आधी डोक्यात ठेव.

आणि कौशल्य वेगळं, दान वेगळं अशी भिंतही मी घालणार नाही. निर्गमाच्या 31व्या अध्यायात बसालेल आहे, निवासमंडपाचं, म्हणजे इस्राएली लोकांच्या उपासनेच्या तंबूचं, काम करणारा कारागीर, त्याच्याबद्दल परमेश्वर म्हणतो की मी त्याला माझ्या आत्म्याने भरलंय, आणि कशासाठी, तर सोनं, रुपं, पितळ, लाकूड, रत्नं यांच्या कामासाठी. हाताचं कसब आत्म्याचंच मानलंय तिथे. तर तुझं अकाउंट्सचं डोकं हे देवाने दिलेलं असेल की, असेलच. प्रश्न तो नाहीये. जे तुला येतं तिथेच तुला कायमचं बसवून ठेवायचं का, हा प्रश्न आहे, आणि याला बायबलमध्ये एक फार सरळ उत्तर आहे जे लोक वाचून पुढे जातात.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेमेतल्या मंडळीत कुरकुर झाली, ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातंय म्हणून. बारा प्रेषितांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की आम्ही वचनाचं काम सोडून पंगतीची सेवा करणं योग्य नाही, तुमच्यातून सात माणसं निवडा. आता पुष्कळ प्रवचनांत हे असं सांगतात की बघा, वचनाचं काम वरचं आणि वाढपाचं खालचं. पण अट काय घातली होती ते बघ, आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असलेली माणसं हवीत, आणि निवडल्यावर प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. वाटणीच्या कामाला! हे झालं एक. दुसरं म्हणजे या सातांतला स्तेफन, वाटणीसाठी निवडलेला, त्याच अध्यायात लोकांमध्ये अद्भुतं करताना दिसतो आणि वाद घालणाऱ्यांना त्याच्यापुढे टिकता येत नाही. सातांतलाच फिलिप्प, आठव्या अध्यायात शोमरोनात सुवार्ता सांगतोय, मग रस्त्यावर रथात बसलेल्या त्या कूशी अधिकाऱ्याला यशया संदेष्ट्याचं वचन समजावून सांगतोय. आणि पुढे 21व्या अध्यायात पौल त्याच्या घरी उतरतो तेव्हा त्याची ओळख कशी दिलीये, तर सुवार्तिक फिलिप्प, सातांपैकी एक. दोन्ही ओळखी एकाच वाक्यात. कोणी त्याला म्हटल्याचं दिसत नाही की तुझं नाव वाटणीच्या यादीत आहे, तू रथाकडे कशाला गेलास.

म्हणजे मंडळीने आज दिलेलं काम हे खरंच आत्म्याचं काम असू शकतं आणि तरीही ते तुझ्या दानाची हद्द ठरत नाही. आणखी एक, पौल करिंथकरांना म्हणतो की कृपादानांची उत्कंठा धरा, अन्य भाषा बोलणाऱ्याने अर्थ सांगता यावा म्हणून प्रार्थना करावी. दान जर जन्मभराचा शिक्का असता तर उत्कंठा कशाची धरायची आणि प्रार्थना कशासाठी करायची? त्यामुळे दुसरं काहीतरी हवंसं वाटणं यात पाप नाहीये गं.

आता तुझा पहिला प्रश्न, माझं दान नक्की कोणतं. मी इथे बसून निकाल देणार नाही पण तुझ्या पत्रात मला काय दिसलं ते सांगते. तू 'नखं कापून दिली' असं अर्ध्या वाक्यात लिहून पुढे गेलीस, मी तिथेच थांबले. झटक्याने गेलेला हात कसा असतो हे ज्याने जवळून बघितलंय त्याला माहितीये. बोटं आत वळून मूठ घट्ट होते, नखं वाढली की तळव्यात रुततात, आतली कातडी ओली राहून हुळहुळी होते. ती मूठ ओढून उघडत नाही, ओढली तर अजून घट्ट होते, मनगट जरा खाली वाकवून, थांबून, एक एक बोट सोडवायचं आणि त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं कारण दुखलं तर सांगायला शब्द नाहीत. हे पाच मिनिटांत प्रार्थना करून निघणाऱ्याला दिसतसुद्धा नाही, त्याचा काही दोष नाही, त्याला दिसत नाही एवढंच. तुला दिसलं. कोणाला काय दिसतं यावरून मला माणसाचं दान फॉर्मपेक्षा जास्त कळतं. एखादा हॉलमध्ये शिरला की त्याला कोपऱ्यात एकटं बसलेलं नवीन माणूस दिसतं, एखादीला वचनाचा अर्थ कुठे चुकीचा लागतोय ते खटकतं, एखाद्याला खुर्च्या कमी पडणार हे आधी कळतं.

आणि दुसरी गोष्ट, हे तू स्वतः जाहीर केलेलं नाहीस. सून म्हणाली, अजून दोन घरांनी विचारलं. करिंथच्या पत्रात पौल हेच धरून बसलाय की आत्म्याचं प्रकटीकरण प्रत्येकाला दिलंय ते सगळ्यांच्या हितासाठी, मग दान आहे की नाही हे ज्याच्या हिताचं झालं तोच सांगणार ना. बर्णबाचं खरं नाव योसेफ होतं, बर्णबा, म्हणजे धीर देणारा, हे नाव त्याला प्रेषितांनी दिलं, त्याने स्वतःचं स्वतः लावून घेतलं नव्हतं. ज्या चर्चमध्ये लोक स्वतःच उठून 'मला अमुक दान आहे' म्हणून माइक धरतात तिथे मला जरा धास्तीच वाटते.

आता जरा टोचणारं विचारते, रागावू नको. तुला हिशोब सोडायचाय की एकटीने हिशोब करणं सोडायचंय? चार वर्षं एकटीने मोजणी, बँक, ऑडिट, याने कोणीही विटेल. समज उद्या दोन माणसं मदतीला आली आणि तुझं काम निम्म्याहून कमी झालं, तर? तरी तुला तिथून उठून आजींकडे जावंसं वाटेल? उत्तर हो असेल तर ठीक, पण ते आधी तुझं तुला माहीत असू दे. कारण आवडतं म्हणून दान आणि कंटाळा आला म्हणून दान नाही असा हिशोब धरलास तर भेटी द्यायचाही एक दिवस कंटाळा येणार आहे, पाचव्या घरी तीच रडकथा ऐकताना येतोच. रोमकरांच्या पत्रात दया करणाऱ्याने ती आनंदाने करावी असं पौल मुद्दाम सांगतो. मुद्दाम सांगावं लागतं म्हणजे ते आपोआप होत नसणार.

आणि हे एकटीने मोजणं आजपासून बंद. हे मी सल्ला म्हणून नाही, जवळजवळ दटावून सांगते. अर्पणाची पेटी उघडताना कमीत कमी दोन माणसं हवीत, एकमेकांच्या नात्यातली नकोत, म्हणजे तू आणि जाऊ नाही चालणार, दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडा रजिस्टरमध्ये लिहून तिथल्या तिथे दोघांच्या सह्या, मग बँक. तुझ्यावर कोणाचा संशय आहे म्हणून नाही, उद्या कोणी घेतला तर तुझ्याकडे दाखवायला काय आहे? पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा आपल्या सहकाऱ्याला, तीताला, एकट्याला पाठवलं नाही, त्याच्याबरोबर मंडळ्यांच्या विश्वासातले आणखी दोन भाऊ दिले, आणि कारणही लिहून ठेवलं, या रकमेबाबत कोणी आमच्यावर दोष ठेवू नये म्हणून. दुसऱ्या करिंथकरांचा आठवा अध्याय, तुमच्या कमिटीत एकदा वाचायला सांग.

पास्टरांशी कसं बोलायचं. आधी त्यांच्या बाजूने बघ. त्यांना विश्वासाचा खजिनदार चार वर्षं मिळालाय, एक रुपया इकडचा तिकडे नाही, कटकट नाही, आणि ती म्हणतेय मी चालले. कोणताही पाळक आधी नाहीच म्हणेल आणि हाताशी जे वचन येईल ते फेकेल. तू त्यांना 'दुसरं कोणी बघा' म्हणालीस, तिथे तुझी बाजू कच्ची पडली, कारण मग बघण्याचं काम त्यांच्या डोक्यावर. पुढच्या वेळी नावं घेऊन जा. कोणीतरी बँकेतून रिटायर झालेलं असेल, कॉमर्स शिकणारं एखादं पोरगं असेल ज्याला चर्चमध्ये फक्त खुर्च्या उचलायला बोलावतात. साधारण असं म्हण, 'पास्टर, या वर्षाचं ऑडिट मी पूर्ण करून देते, तोपर्यंत या दोघांना माझ्याबरोबर बसवते, सगळं शिकवते, नंतर सहा महिने अडलं तर फोनवर आहे. आणि आजारी लोकांच्या भेटींचं काम मला एक वर्ष करू द्या, वर्षाने तुम्ही आणि ती घरं मिळून सांगा हे चालू ठेवायचं का.' म्हणजे तू पळत नाहीयेस, कोणी तुला तपासावं हेही मान्य करतेयस. हे मान्य करणं महत्त्वाचं आहे, करिंथमध्ये संदेश देणाऱ्यांनाही पौलाने मोकळं सोडलं नव्हतं, दोघा-तिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी पारख करावी म्हणाला. कृपादान आहे म्हणून कोणी विचारायचं नाही असं नसतं.

तरी नाहीच म्हणाले तर? खजिनदारी कमिटीच्या मीटिंगमध्ये लेखी मुदत देऊन सोडता येते, आणि ओळखीच्या आजीच्या उशाशी जाऊन बसायला कोणाची परवानगी लागत नाही. फक्त मग ते चर्चच्या नावाने करू नको.

भेटींचं काम वाढलं की काही गोष्टी आत्ताच ठरवून घे, नंतर अवघड जातं. घरच्यांना विचारूनच वेळ ठरव, आजारी माणूस थकतो आणि तोंडाने जा म्हणत नाही. एकट्या राहणाऱ्या पुरुषाकडे जायचं असेल तर बरोबर कोणीतरी हवं. बरं होणारच असं वचन देऊ नको आणि तुझ्या प्रार्थनेमुळे कोणी गोळ्या बंद करतंय असं वाटलं तर तिथल्या तिथे घरच्यांना सांग. तिथे ऐकलेलं तिथेच ठेव. आपल्याकडे प्रार्थना विनंतीच्या नावाखाली लोकांच्या घरातलं सगळं मंडळीत फिरतं, 'त्यांच्यासाठी प्रार्थना करा, त्यांची सून त्यांना...' वगैरे, हे मला मनस्वी खटकतं. आणि तू अजून खजिनदार आहेस तोवर कुठल्याही म्हाताऱ्या माणसाने हातात पाकीट दिलं की हे चर्चला घाल, तर घेऊ नको. घरच्या कोणासमोर पावती, नाहीतर रविवारी पेटीत.

आजींबद्दल एक. झटक्यानंतर बोलणं गेलं की सगळे समजतात समजणंही गेलं, आणि त्यांच्या अंगावरून सुनेशी बोलतात. पुष्कळदा बरंच समजत असतं, शब्द तेवढा निघत नाही. तेव्हा हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचार आणि मग थांब, आपल्याला वाटतं त्यापेक्षा बराच वेळ थांबावं लागतं. आणि अशा काही माणसांना बोलता येत नाही पण लहानपणापासून पाठ असलेलं गीत लावलं, कोणी बरोबर गायलं, तर शब्द येतात. सगळ्यांना नाही येत, आशा लावून बसू नको, पण येतात हे खरं आहे. म्हणून तुझ्या जावेला एकदा घेऊन जा. माइक नाही, कीबोर्ड नाही, ती पलंगाशेजारी स्टुलावर बसेल आणि आजींना तरुणपणी येत असेल असं एखादं जुनं गीत हळू चालीत गाईल, पहिली ओळ गाऊन जरा थांबायला सांग तिला. तिला हे जमेल, तुला नाही जमणार (तू स्वतः लिहिलं नाहीस पण मी अंदाज करते). आणि आजींना कधी थांबायचंय हे तुला कळेल, तिला नाही कळणार.

वाईट वाटतं त्याचं काय करू असं विचारलं नाहीस पण लिहिलंस. करिंथच्या पत्रात पाय म्हणतो की मी हात नाही म्हणून मी शरीराचा नाही, हे तुझ्यासारख्यांचं बोलणं. आणि डोळा हाताला म्हणतो मला तुझी गरज नाही, हे दुसऱ्या बाजूचं. पौल दोघांनाही ऐकवतो. सगळा दोष पायाच्या माथी मारत नाही. तुझ्या मंडळीत कोणी एकदा उपासनेत उभं राहून चार वर्षांच्या हिशोबासाठी देवाचे आभार मानले असते तर तुझ्या पत्राचा अर्धा भाग लिहावा लागला नसता असं मला वाटतं. जावेशी मात्र याबद्दल बोलू नको, आधी दोन-तीन वेळा बरोबर जा, नंतर बोलावंसं वाटलं तर बघ.

राहिली मैत्रीण. अन्य भाषांबद्दल मंडळ्या-मंडळ्यांत मतं वेगळी आहेत, काही म्हणतात हे दान प्रेषितांच्या काळापुरतं होतं, काही ठिकाणी दर रविवारी बोलतात, तो वाद मी इथे सोडवत नाही. पण तिचं वाक्य, ते आलं नाही तर काहीच मिळालं नाही, ते बसत नाही. पहिल्या करिंथकरांच्या 12व्या अध्यायाच्या शेवटी पौल विचारतो, सगळेच अन्य भाषा बोलतात का? सगळेच अर्थ सांगतात का? आणि तो प्रश्न अशा रीतीने विचारलाय की उत्तर नाही असंच येतं. तिला तो अध्याय उघडून दाखव, भांडू नको, तिच्या चर्चमध्ये ती कोणाच्या भेटीला जाते का तेही विचार.

पास्टरांशी बोलणं झालं की काय ठरलं ते कळव. आणि ते दुसरे दोन खजिनदार मिळाले तर त्यांच्यातल्या एकाने तरी हे काम स्वतः मागून घेतलेलं असावं एवढं बघ, सगळ्यांनाच 'तू आहेसच की' म्हणून बसवू नका.